तरफेवरचा कागद

मी मिरजेत सतारमेकरांच्या घरात वाढलो. वडील तरफा, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा, सुरात लावत बसायचे आणि शेजारी माझा गृहपाठ चालायचा. वरची तार छेडली की खालची तरफ आपोआप बोलते, यात मला कधी नवल वाटलं नाही. का बोलते, हेही कधी विचारलं नाही.

नववीत सरांनी टेबलावर एकाच कंपनसंख्येचे दोन नादकाटे मांडले, लाकडी पेट्यांवर बसवलेले. एकाला रबरी हातोडीने ठोकलं आणि लगेच बोटांनी धरून गप्प केलं. तरी सूर चालूच! ज्याला कोणी हात लावला नव्हता, तो दुसरा काटा वाजत होता. मग सरांनी त्याच्या भुजेला मेणाची गोळी चिकटवली आणि पहिला पुन्हा ठोकला. या वेळी दुसऱ्याने साथ दिली नाही. मेणाच्या वजनाने त्याची कंपनसंख्या उतरली होती.

"सर, आमच्याकडे तरफ उतरली की असंच होतं," मी न राहवून बोललो.

सर म्हणाले, "उद्या सतार घेऊन ये."

वडिलांनी ती दिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. सरांनी कागदाचे बारीक तुकडे मधोमध दुमडले आणि शेवटचा पडदा व घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्यामध्ये, चिमट्याने, सा, रे आणि प या तीन तरफांवर बसवले. मी नखी चढवून जोडाची तार, म्हणजे खालच्या षड्जात लावलेली वरची तार, छेडली. षड्जावरचा कागद थरथरला आणि खाली पडला. रिषभावरचा जागचा हलला नाही. पण पंचमावरचाही फडफडला! मला वाटलं, माझीच तरफ चुकली.

सरांनी फळ्यावर सेकंदाला होणारी कंपनं लिहिली: १४०, २८०, ४२०. जोडाच्या तारेत दुपटीचे, तिपटीचे सूरही असतात. दुप्पट म्हणजे मधला षड्ज, तिप्पट म्हणजे मधला पंचम. काट्यांचा सूर हवेतून पोचला. सतारीत मुख्य वाट घोडी आणि तिच्याखालच्या लाकडी तबलीची. झोक्याला वेळेवर हलके हलके रेटे द्यावेत, तशी तरफ आपल्याच सुराचे रेटे साठवत जाते. त्याला अनुनाद म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. वडिलांचे हात ते कधीपासून करत होते!

घरी येऊन मी त्यांना तिपटीचा हिशेब सांगितला. त्यांनी कागदाचा तुकडा मागून घेतला आणि रात्री उशिरापर्यंत एकेक तरफ तपासत बसले.

आता दुकान मी बघतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक जुनी सतार दुरुस्त करून ठेवली आहे. तरफा मात्र तिथेच जाऊन, नववीच्या वर्गासमोर लावीन.