सत्य आणि समाज यांच्या कात्रीत सापडलेला नगरसेवक

जॉन सेल्स यांचा ‘सिटी ऑफ होप’ हा १९९१ सालचा चित्रपट न्यू जर्सीतल्या हडसन सिटी या काल्पनिक शहरात घडतो. दोन कृष्णवर्णीय मुलांना गोरे पोलीस विनाकारण अडवून अपमानित करतात आणि तो राग ती मुले उद्यानात धावायला आलेल्या एका गोऱ्या प्राध्यापकावर काढतात. पकडले गेल्यावर मात्र, त्यानेच आपल्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला, असे ती सांगतात.

येथून नगरसेवक विनची खरी कसोटी सुरू होते. जो मॉर्टन यांनी ही भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. विन स्वतः कृष्णवर्णीय असला, तरी तो पूर्वीचा प्राध्यापक असल्यामुळे वस्तीतल्या अनेकांना तो आपला वाटत नाही. मुलांची बाजू घेतली, तर एका निरपराध माणसाची अब्रू जाते आणि घेतली नाही, तर पोलिसांचा जाच वर्षानुवर्षे सोसणारी वस्ती त्याला परका ठरवते. मुले खोटे बोलत आहेत, पण त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या लोकांचा संताप खोटा नाही. ही गुंतागुंत सेल्स कुठेही सोपी करत नाहीत, म्हणूनच मला हा चित्रपट मोलाचा वाटतो.

दुसरीकडे बिल्डरला जागा हवी असते आणि त्या जागेवरच्या जुन्या इमारतींत गरीब भाडेकरू राहत असतात. त्या रिकाम्या करवून घेण्यासाठी पालिकेतले सत्ताधारी इटालियन वंशाच्या एका कंत्राटदाराला, त्याच्या मुलावरचे पोलीस प्रकरण मिटवण्याच्या बदल्यात, आग लावण्याच्या कटात ओढतात.

रॉबर्ट रिचर्डसन यांचा कॅमेरा हे सगळे धागे जोडतो. रस्त्यावर दोघे बोलत असताना शेजारून तिसरा जातो आणि दृश्य न तुटता कॅमेरा त्याच्या मागे निघतो. त्यामुळे एकमेकांना न ओळखणारी माणसेही एकाच व्यवहारात अडकलेली आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. कंत्राटदाराच्या मुलाची प्रेमकथा मात्र मला लांबलेली वाटली. तो वेळ विनला आणि त्या दोन मुलांच्या घरांना मिळायला हवा होता, कारण चित्रपटाने उभा केलेला सर्वांत अवघड प्रश्न तिथेच आहे.