हिने डोळा मारला

खोलीत आल्या आल्या मुलीच्या वडिलांनी खिशातून प्रोसेसर, म्हणजे कानाला लावायचं ऐकण्याचं मशीन, काढून माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, मशीन बिघडलंय. पोरगी हाक मारली तरी बघत नाही."

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पारनेरकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं. मुलगी तिसरीतली. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांखालच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळतं, तसं तिला तिसऱ्या वर्षी मिळालेलं, उजव्या कानात. मी तिची ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. ऑपरेशन काही तासांत उरकतं, माझं काम मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं चालतं. तिच्या कानाच्या आत सरकवलेल्या बारीक तारेवर 22 इलेक्ट्रोड आहेत आणि ते श्रवणाच्या नसेला विजेचे सूक्ष्म धक्के देतात. प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन आकडे ठरवायचे: जेमतेम ऐकू येईल इतका करंट आणि सहन होईल इतका जास्तीत जास्त. चिमणीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं या दोन आकड्यांमध्ये बसवायचं. याला आम्ही मॅपिंग म्हणतो. हे आकडे एकदा ठरवले की संपलं, असं होत नाही. इलेक्ट्रोडभोवती ऊतक वाढतं, मूल वाढतं, आकडे हलतात.

पावसाळ्यात पहिला संशय ओलाव्यावर. मशीन तांदळाच्या डब्यात ठेवणारे पालक मला दरवर्षी भेटतात (तांदळाची पूड माइकमध्ये जाते, कृपा करून असं करू नका). पण हे घर नीटनेटकं होतं. सिलिकाची डबी होती, तिच्यातले खडेही बदललेले. माइकचं कव्हर, केबल, बॅटरी, कॉइल (डोक्यावर चुंबकाने चिकटणारी चकती) सगळं तपासलं. इम्पीडन्स पाहिला, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला होणारा विरोध. बाविसच्या बावीस ठीक. कुठे तार तुटलेली नाही, कुठे शॉर्ट नाही.

मग प्रोसेसरची नोंदवही उघडली. मशीन रोज किती तास अंगावर होतं ते त्यात साठतं. मार्चमध्ये साडेदहा तास. आता पाचसुद्धा नाहीत. कॉइल डोक्यावरून निघण्याचं प्रमाण दुपटीच्या वर गेलेलं. मशीन बंद पडत नव्हतं, कोणीतरी ते काढत होतं.

"तू काढतेस होय गं?" वडिलांचा आवाज चढला. तिने मान खाली घातली. मी त्यांना खुणेनेच थांबवलं आणि तिच्यासमोर खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पोरं चिडवतात. म्हणतात, हिने डोळा मारला."

मला आधी कळलंच नाही. मशीनवरून चिडवणं नेहमीचं, पण डोळा? कधी चिडवतात, म्हणून विचारलं. "पाढे म्हणताना." सगळा वर्ग एकसुरात ओरडत असतो तेव्हा ती मशीन काढून कंपासपेटीत ठेवायची. बाईंना वाटायचं, हट्टी झाली आहे.

मी मशीन तिच्या कानाला लावलं आणि वडिलांना म्हटलं, "पाढे म्हणा. मोठ्याने." ते ओशाळले. मग "बे एके बे" सुरू झालं, आधी पुटपुटत. "बे चोक आठ"ला त्यांनी सूर लावला आणि तिचा उजवा डोळा पटकन मिटला. "बे पाचा दहा", पुन्हा. वडील मध्येच थांबले.

चेहरा हलवणारी नस कानातल्या हाडातूनच जाते, कॉक्लियाला, म्हणजे जिथे तार सरकवतात त्या कानातल्या शंखाला, जवळजवळ चिकटून. करंट जास्त झाला की थोडा तिकडे झिरपतो आणि पापणी फडफडते. पुस्तकात असलेली, माहीत असलेली गोष्ट. ती मला मार्चमध्येच दिसायला हवी होती. मागून हाक मारली तर वळत नाही, अशी बाईंची तक्रार होती म्हणून मी तेव्हा वरची मर्यादा सगळ्या इलेक्ट्रोडवर सरसकट वाढवली. आमच्या कामात करंट वाढवण्याइतकं सोपं काही नाही, बाणाचं बटण दोन-तीनदा दाबलं की झालं. ती चित्र रंगवत बसली होती, डावा गाल माझ्याकडे करून. खोलीत आवाज होता फक्त माझा, तोही हळू. मोठा आवाज मी दिलाच नाही. फाइलमध्ये हे तसंच लिहून ठेवलं आहे.

मग एकेक इलेक्ट्रोड घेतला. तिच्या उजव्या डोळ्याखाली बोट टेकवून बसले, कारण फडफड डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळते. 12, 13, 14. तेरावर तर आवाज पुरेसा मोठा होण्याआधीच गाल उडायचा. बारा आणि चौदाची मर्यादा उतरवली, पल्स रुंद केली, म्हणजे विजेचा प्रत्येक धक्का थोडा लांबवला; त्याने तेवढाच मोठा आवाज कमी करंटमध्ये मिळतो. तेरा बंदच केला आणि त्याच्या वाट्याचे सूर शेजाऱ्यांना वाटून दिले. पुन्हा पाढे. या वेळी वडील खणखणीत आवाजात सहाच्या पाढ्यापर्यंत गेले. डोळा जागेवर.

"एक बंद केला म्हणजे पोरीला कमी ऐकू येणार का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, एकवीस पुरतात, पण आठवडाभर आवाज वेगळे वाटतील. शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहून दिली.

तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा नोंदवहीत नऊ तास होते. तक्रार होतीच: आईचा आवाज "पत्र्यासारखा" येतो. चौदावर अजून थोडं काम बाकी आहे. तिची खुर्ची मी आता फिरवून ठेवली आहे, उजवा गाल माझ्याकडे येईल अशी. तिला वाटतं, खिडकी दिसावी म्हणून.