१७, गफ स्क्वेअर: लंडनचं विटांचं घर आणि आईचे गुडघे

लंडनला यावेळी आई सोबत होती, तेव्हा डॉ. सॅम्युएल जॉन्सनचं, म्हणजे अठराव्या शतकात इंग्रजीची गाजलेली डिक्शनरी लिहिणाऱ्या लेखकाचं घर बघून आलो. फ्लीट स्ट्रीटवरून आत शिरलं की नुसते बोळ, आणि तिथे मॅपवरचा निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारतो. आम्ही फिरून फिरून दोनदा त्याच पबसमोर. तुम्ही सरळ भिंतीवरच्या पाट्या वाचत जा.

डिक्शनरीवाला जॉन्सन इथे १७४८ ते १७५९ राहिला, पण भाड्याने हं. घर त्याच्या आधीचं, साधारण १७०० च्या आसपास गफ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी कायदा आला की बाहेरच्या भिंती विटेच्या नाहीतर दगडाच्याच हव्यात, त्यामुळे दर्शनी भाग एकदम सपाट, नुसत्या विटा आणि वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या रांगा. मला तर तेच आवडलं.

आत गेल्यावर लगेच जिन्याकडे पळू नका, आधी दाराची आतली बाजू बघा. ही जाडजूड साखळी, तिची कडी कॉर्कस्क्रूसारखी पिळलेली, म्हणजे बाहेरून काही घालून काढायला गेलं तर निघणार नाही, आणि दारावरच्या झरोक्यातून कोणी आत घुसू नये म्हणून तिथे आडवा लोखंडी दांडा, त्यालाही टोकदार खिळे! चोरांची काय दहशत असेल बघा.

पहिल्या मजल्यावर खरी गंमत आहे. जिन्यालगतच्या भिंती म्हणजे बिजागरीवरची लाकडी पॅनेलं, ती फिरवली की खोल्या आणि मधली जागा मिळून एकच मोठा हॉल. पाहुणे आले की उघडा, थंडी वाजली की लावा. माझं अर्धं लक्ष बिजागऱ्यांवरच होतं, बायको केव्हाच पुढे गेली.

डिक्शनरीचं काम झालं ते अगदी वर, पोटमाळ्यावर, सहा मदतनीस घेऊन. पण लिफ्ट नाही, व्हीलचेअर जात नाही आणि आईचे गुडघे पहिल्या मजल्यावरच संपले. चूक माझी, आधी बघायला हवं होतं. सोबत वयस्कर कोणी असेल तर त्यांना खाली दोन खोल्या दाखवा आणि बाहेर चौकातच बसवा. घर रोज उघडं नसतं, वेबसाइट बघूनच निघा.

आम्ही उतरलो तर आई चौकातल्या हॉज या जॉन्सनच्या मांजराच्या पुतळ्याशी. जॉन्सन त्याच्यासाठी स्वतः बाजारातून कालवं आणायचा, म्हणून पुतळ्यापुढे शिंपले आहेत, त्यात लोक नाणी टाकतात. आईनेही एक पेनी टाकली होती, वर मलाच विचारते, "नवसाला पावतं का रे हे?"