कागदावर न मावलेला तारा

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास आम्ही मुलांना खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं विज्ञान प्रदर्शन बघायला नेतो. त्याआधी नववीच्या वर्गाला मी आलेखाचे एक-दोन जादा तास देते. यंदा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट घेतले. माप सोपं ठरवलं : आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १० दिवस, उभ्या अक्षावर तेज.

पहिले दोन आलेख झटपट झाले. वन-ए प्रकारात श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा फुटतो. त्याच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) हायड्रोजन नसतो आणि तेज १८-२० दिवसांत शिखरावर जातं. म्हणजे कागदावर २ सेंटिमीटरचा चढ, मग उतार. टू-पी प्रकारात जड ताऱ्याचा गाभा कोसळतो. इथे हायड्रोजन ठळक दिसतो आणि तेज साधारण १०० दिवस सपाट राहून मग घसरतं. १० सेंटिमीटरचं पठार. जुन्नर तालुक्यातल्या पोरांना पठार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हायड्रोजन नाही तो पहिला प्रकार आणि आहे तो दुसरा, ही वाटणी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१ मध्ये केली. पुढे पोटप्रकार वाढत गेले, पण मूळ चौकट तीच राहिली.

मग मी 'गाय' काढायला सांगितली. ही गाय म्हणजे आकाशातला एक स्फोट; एटी२०१८सीओडब्ल्यू हे तिचं पूर्ण नाव. शेवटची तीन अक्षरं नोंदीच्या क्रमाने आली आणि योगायोगाने 'काउ' झालं. १६ जून २०१८ रोजी हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला ती शौरी तारकासमूहात सापडली, सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवर. शिखरावर पोचायला तिला जेमतेम ३ दिवस लागले. कागदावर ३ मिलिमीटर! मुलांनी पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक केलं, तरी तो चढ रेघेसारखाच उभा राहिला. आणि तेज नेहमीच्या सुपरनोव्हाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. गाभ्यातल्या निकेलच्या किरणोत्सारावर चालणारा स्फोट इतक्या लवकर इतका तेजस्वी होऊ शकत नाही. पुढे तिच्या क्ष-किरणांत दर ४.४ मिलिसेकंदांनी येणारे ठोके सापडले. म्हणजे आत काहीतरी अगदी लहान आणि दाट आहे, बहुधा नुकताच जन्मलेला न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर.

या गायीकडे आपल्या खोडदच्या तबकड्याही वळल्या होत्या, हे सांगितल्यावर वर्गाचा चेहराच बदलला. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या या मुलांनी जन्मापासून बघितल्यात. काहींच्या द्राक्षबागेतून दिसतात. नयना ए. जे. आणि पूनम चंद्रा यांनी वर्षाहून अधिक काळ कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींतून गायीचा मागोवा घेतला. स्फोटाचा धक्का आजूबाजूच्या वायूवर आदळतो तेव्हा या लहरी निघतात, त्यामुळे तारा फुटायच्या आधी काय करत होता ते कळतं. या ताऱ्याने शेवटच्या काही वर्षांत पूर्वीपेक्षा खूप भराभर वस्तुमान बाहेर टाकलं होतं, असं त्यातून दिसलं. स्फोट आपण पाहिला, आणि त्याच्या आधीचा काळ नारायणगावजवळच्या तारांच्या जाळीने ऐकला. मला याचं फार अप्रूप आहे.

पण माझा जीव खरा अडकलाय तो चौथ्या आलेखात. आयपीटीएफ१४एचएलएस हे त्या स्फोटाचं नाव. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणात, सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर तो दिसला. वर्णपटात हायड्रोजन होता, म्हणून टू-पी अशी नोंद झाली. नेहमीचाच. काही महिन्यांनी लास कुम्ब्रेस वेधशाळेत काम शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की हा विझायचा सोडून पुन्हा उजळतोय. तिथले खगोलशास्त्रज्ञ याइर आर्कावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग तो सोडलाच नाही. ६०० दिवसांत तो निदान पाच वेळा उजळला आणि मंदावला. वर्णपट दहापट संथपणे बदलत होता. ६०० दिवसांचा झाला तेव्हा ६० दिवसांच्या सुपरनोव्हासारखा दिसत होता.

६०० दिवस म्हणजे ६० सेंटिमीटर. एका कागदात बसेना. मुलांनी तीन कागद गमने चिकटवले, सांध्यावरच्या रेघा जुळेपर्यंत दोनदा उखडले. मग मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हा एकदाच फुटला की पाच वेळा?"

हाच तर प्रश्न आहे. सूर्याच्या साधारण १०० पट जड ताऱ्याचा गाभा इतका तापतो की गॅमा किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होऊ लागतात. आतला दाब घटतो, गाभा आकसतो, इंधन एकदम पेटतं आणि बाहेरचे थर भिरकावले जातात, पण तारा उरतो. पुन्हा काही वर्षांनी तेच. असा तारा पाच वेळा भडकू शकतो. पण पहिल्या एक-दोन धक्क्यांतच त्याचा हायड्रोजन निघून जायला हवा होता, आणि इथे तो भरपूर शिल्लक होता. मोजलेली ऊर्जाही या हिशोबात बसते त्यापेक्षा जास्त निघते. दुसरे काही जण म्हणतात, आतला जबर चुंबकीय न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर त्याला पेटतं ठेवत असेल. कुठलंच स्पष्टीकरण नीट बसत नाही. मी तिला तसंच सांगितलं.

मग १९५४ ची गोष्ट सांगितली. पालोमारच्याच एका जुन्या छायाचित्रपट्टीवर, त्याच जागी, त्या वर्षी एक तेजस्वी ठिपका आहे. १९९३ च्या चित्रात तो नाही. तो याच ताऱ्याचा आधीचा भडका असावा, असा आर्कावींच्या गटाचा अंदाज.

"तो पण काढायचा का?" मागच्या बाकावरून आलं.

हिशोब मुलांनीच केला. वर्षाला साडेछत्तीस सेंटिमीटर, ६० वर्षांचे जवळपास २२ मीटर. खेळाच्या सरांकडून मोठी टेप आणली. आलेख भिंतीला लावला होता, त्याच्या शून्यापासून डावीकडे मोजायला सुरुवात केली. फळा संपला, दार आलं, वऱ्हांडा संपला, पायऱ्या उतरून मैदान. एकाने टेपचं टोक धरलेलं, दुसरा ओरडतोय, "ताणून धर." २२ मीटर भरले ते झेंड्याच्या कट्ट्याच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. मधल्या बाकावरच्या त्याच मुलीने टाकीच्या सिमेंटवर खडूने एक ठिपका काढला आणि खाली लिहिलं : १९५४.