पुन्हा पोफळीच का लावल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. श्रीवर्धनला वाडी (माड-पोफळींची, म्हणजे नारळ-सुपारीची बाग) बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, "समुद्र तापतोय, वादळं वाढणार म्हणतात, मग पुन्हा पोफळीच कशाला लावल्यात?"

3 जून 2020ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. वारा ताशी 110-120 किलोमीटर. पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळांसकट आडवे झाले, त्यांच्या सावलीत वाढलेली जायफळं उघडी पडली. भरपाई आधी जाहीर झाली ती हेक्टरी 50 हजार. पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये, आणि एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी मावतात! पुढे झाडागणिक रक्कम ठरली, तरी नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं जातातच. त्यात मे 2021मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं.

वाईट दिवस कसे असतील हे त्यामुळे मला वेगळं कल्पावं लागत नाही. मला खरी धास्ती वादळानंतरची आहे. वाडी आडवी झाली की जागेला गिऱ्हाईक येतं, भावही बरा देतं. एक वाडी गेली की शेजारच्या वाडीचा आडोसा जातो. बंगल्यांसाठी उपसा वाढतो, किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, मग शेजारीही विकतो. अशी आळी रिकामी व्हायला दुसरं वादळ लागत नाही.

चांगले दिवसही मला दिसतात, पण त्यांत वादळं आहेतच. कडेला उंडी आणि रातांबे (कोकम) अशी झाडं, आत माड, पोफळी, मिरी, जायफळ, रोपं मोठी होईपर्यंत केळी. सगळं एका उंचीचं नको, एका वयाचं तर नकोच. म्हणजे पडलं तरी काहीतरी उभं राहील. हे चार वाड्यांनी मिळून केलं तर वारा थोडा तरी अडतो. एवढ्यानं अरबी समुद्र थंड होणार नाही. त्यासाठी कोळसा आणि तेल जाळणं कमी व्हायला हवं, आणि ते आमच्या आळीत ठरत नाही.

आणि पोफळीच का? सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढतो आणि तिला झोका देत वरच्या वर दुसरीवर जातो. त्याला झाडं जवळजवळ लागतात. विरळ वाडीत प्रत्येक झाडाला उतरून पुन्हा चढायचं, तेवढ्या मजुरीत त्याला ते परवडत नाही. तो मुंबई गाठतो. त्याच्या मुलाला ही चढाई अजून येते. रोपं धरतील तेव्हा तो इथे असावा, म्हणून मोडलेल्या जागा आधी भरल्या.