हे उघडणार कोण?

आपल्या बडोद्याच्या शाळेतून डॉक्टर निघाले, सीए निघाले, अमेरिकेत गेलेल्यांची तर मोजदादच नको. मी दांडिया बाजारातून सायकलनी शाळेत यायचो आणि आता स्कूटरनी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत जातो, एवढीच काय ती प्रगती. काम काय, तर जोडायचं. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट आमच्याकडे येतात, आम्ही असेंब्ली करून पाठवतो, नट-बोल्ट, रिव्हेट, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), जे लागेल ते. मी नक्की करतो काय हे घरी अजून कोणाला कळलेलं नाही.

याचं मूळ आपल्या टेक्निकलच्या सरांपाशी. (नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.) सर कलाभवनवाले, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तांत्रिक शिक्षणासाठी काढलं ते, आणि हे ते आम्हाला विसरू द्यायचे नाहीत. कोणी काहीही जोडून आणलं की ते बघायच्या आधी विचारायचे, "हे उघडणार कोण?" आम्हाला वाटायचं आत्ता तर जोडलंय, उघडायचं कशाला!

उघडायचंच नसेल तर रिव्हेट. लाल तापवून भोकात घालायचा, दुसऱ्या बाजूनी ठोकून डोकं करायचं, गार होताना तो आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. आयफेल टॉवरमध्ये असे २५ लाख आहेत, आपला १९४३ चा हावडा ब्रिजही रिव्हेटचाच.

पण सरांचा खरा जीव आट्यांवर, म्हणजे नट-बोल्टच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांवर. शाळेचे जुने बाक अर्ध्या इंची व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी मापाच्या) बोल्टचे, बाजारात मिळणारा एम १२ चा, म्हणजे १२ मिमीचा नट त्यावर चढायचाच नाही, कसा चढणार, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, मग शिपाईकाका जुन्या बाजारातून शोधून आणायचे आणि सरांना तेवढं निमित्त पुरायचं, पूर्ण तास गेलाच. पूर्वी इंग्लंडात ज्याच्या त्याच्या कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला नाही. जोसेफ व्हिटवर्थनी ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सांगितलं, आट्याचा कोन ५५ अंश आणि अमुक जाडीला इंचात इतके आटे. मग १८६४ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स म्हणाले ५५ कापायला आणि मोजायला त्रासाचा, ६० घ्या. झालं, दोन देश दोन आटे! पाव इंचाला दोघांचेही इंचात २० च आटे, त्यामुळे नट चढतो, फसायला होतं, अर्ध्या इंचाला मात्र इंग्रजांचे १२ आणि अमेरिकनांचे १३. सर म्हणायचे, "चढला म्हणजे बसला असं नाही रे." दुसऱ्या महायुद्धात एकमेकांचे पार्ट लागेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानी एक आटा ठरवला. माझ्या मते विजेच्या दिव्याचं जेवढं कौतुक होतं त्याच्या अर्धं तरी व्हिटवर्थचं व्हायला हवं.

लॉकटाइट, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, सरांनी शिकवलं नाही, ते मी कामावर बघितलं. १९५३ चा शोध, व्हर्नन क्रीबल नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरचा. हवा लागते तोवर पातळ, आट्यांमध्ये धातूला चिकटून हवा बंद झाली की घट्ट. म्हणून तर बाटली मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, नवीन पोरं मात्र दुकानदारानी कमी दिलं म्हणून भांडून येतात. यातही सरांचा प्रश्न आहेच, निळं साध्या पान्यानी उघडतं, लाल लावलं तर आधी तापवावं लागतं.

रिटायर झाल्यावर सर एकदा शेडवर आले होते. आम्ही तेव्हा प्लास्टिकचं स्नॅप-फिट कव्हर बसवत होतो, एकही स्क्रू नाही, दाबलं की टक् करून बसतं, मला वाटलं खूश होतील. त्यांनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, खिशातला चष्मा काढून परत पाहिलं, डिसमिस (स्क्रू-ड्रायव्हर) घालायला जागा कुठेच नाही. पुढे काही बोललेच नाहीत, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाईकाला फोन केला की साच्यात एक छोटी खाच ठेवा, रिपेअरवाल्याला बरं पडेल. ते म्हणाले साचा बदलायचे पैसे कोण देणार? तो वाद अजून चालूच आहे.