खोलीच्या मध्यभागी ऐकू न येणारा आवाज

फोंडा तालुक्यातील देवळांच्या मंडपांत होणारे भजनी सप्ताह आणि नाटके यांची ध्वनिव्यवस्था सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या पावसाळ्यात फोंडा शहरातील एका इमारतीतून मला बोलावणे आले. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना, ज्यांना सारी इमारत मास्तर म्हणून ओळखते, वरच्या फ्लॅटमधील सबवूफरमुळे (फक्त खालचे, घुमणारे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरमुळे) कित्येक महिने नीट झोप लागत नव्हती. सोसायटीच्या समितीचे म्हणणे मात्र असे होते की त्यांच्या खोलीत काहीच ऐकू येत नाही.

समितीची माणसे खोटे बोलत नव्हती. सेक्रेटरी एका रात्री मास्तरांच्या खोलीत येऊन उभे राहिले होते, मोबाईलवरील ॲपने त्यांना ३६ डेसिबल दाखवले होते, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा असल्यामुळे तक्रार तिथेच मिटवण्यात आली. त्यानंतर घरच्यांनी मास्तरांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. आवाजापेक्षाही आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही याचेच दुःख त्यांना अधिक होते, हे त्यांच्याशी पाच मिनिटे बोलताच माझ्या लक्षात आले.

वरच्या फ्लॅटमधील तरुण वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि दुसरी पाळी संपवून घरी आल्यावर चित्रपट पाहतो. त्याला मी नेहमीच्याच पातळीवर आवाज लावायला सांगितले. खाली मास्तरांच्या खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो तेव्हा मलाही फारसे काही जाणवले नाही, त्यातच बाहेर पाऊस कोसळत होता. पाऊस थांबल्यावर मी पलंगावर उशीपाशी बसलो, आणि छातीत दाब यावा तसा एक संथ ठोका स्पष्ट जाणवू लागला. उशामागच्या खिडकीची काचही त्याबरोबर थरथरत होती. मी सेक्रेटरींना बोलावून पलंगावर आडवे व्हायला सांगितले. थोड्याच वेळात ते उठून बसले आणि म्हणाले, “मास्तर, इतके दिवस तुम्ही हे कसे सोसलेत?”

या प्रकारामागचे कारण सरळ भौतिकशास्त्राचे आहे. खोलीची लांबी ४.२ मीटर होती. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर ४१ हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी या खोलीइतकी भरते आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती लहर स्थिर होऊन घुमते. अशा वेळी ध्वनीचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. मास्तरांच्या पलंगाचे उशीकडचे टोक भिंतीला टेकलेले होते आणि तपासायला येणारा प्रत्येक जण मध्यभागी उभा राहत होता. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झलाच वाजते, म्हणजे हा स्वर संगीतात विरळा नाही. शिवाय एकावर एक बांधलेल्या फ्लॅटच्या खोल्या सारख्याच मापाच्या असतात. त्यामुळे जो स्वर वर घुमतो तोच खालीही घुमतो.

मोबाईलच्या आकड्याचेही असेच होते. नियमांतील मापन ‘ए’ पद्धतीचे असते आणि त्या पद्धतीत ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ ३५ डेसिबल वजा केले जातात. माझ्या मीटरवर उशीपाशी ‘ए’ मापन ३६ दाखवत होते, तर खालच्या स्वरांना जवळजवळ पूर्ण वजन देणारे ‘सी’ मापन ६२ दाखवत होते. आकडा नियमात बसतो एवढ्यावरून त्रास खोटा ठरवणे हा माझ्या मते अन्याय आहे, आणि सबवूफरच्या तक्रारीत ‘सी’ मापन जिथे माणूस झोपतो तिथेच घेतले पाहिजे.

तरुणाने आपल्या परीने उपाय केले होते. त्याने भिंतींवर फोम चिकटवला होता आणि सबवूफरखाली जाड पॅड घातले होते. परंतु ४१ हर्ट्झच्या लहरीची पूर्ण लांबी आठ मीटरच्या वर जाते. पाच सेंटिमीटरचा फोम तिला शोषू शकत नाही. पॅडचा उपयोग पायांतून स्लॅबमध्ये जाणाऱ्या कंपनापुरताच असतो. हे पडताळण्यासाठी आम्ही सबवूफर घडी केलेल्या गाद्यांवर उचलून ठेवला. खालचा आकडा जेमतेम एका डेसिबलने हलला. याचा अर्थ त्रासाचा मुख्य मार्ग हवेतला होता: खोलीतील हवेचा दाबच स्लॅबला हलवत होता. मास्तरांचा पलंग सरकवावा, ही सूचनाही आली. ती मी मान्य केली नाही, कारण ज्याच्या घरातून आवाज निघतो त्याच्याकडेच आधी उपाय व्हायला हवा.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिथल्या भिंतींमुळे अधिक जोरात वाजतो. तो आम्ही कोपऱ्यातून काढून सोफ्याच्या पाठीशी, ऐकणाऱ्याच्या अगदी जवळ आणला, त्यामुळे त्याची पातळी बरीच उतरवूनही तरुणाला बास पूर्वीइतकाच मिळू लागला. मग वेगवेगळ्या स्वरांची पातळी स्वतंत्रपणे कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरमध्ये ४१ हर्ट्झचा अरुंद पट्टा खाली ओढला. त्याच्या स्वतःच्या खोलीतही हाच स्वर घुमत असल्यामुळे त्यालाही संवाद आणि ताल अधिक स्वच्छ ऐकू येऊ लागले. “दादा, हे आधीच करायला हवं होतं,” असे तो मनापासून म्हणाला. रात्री दहानंतरसाठी रिसीव्हरमधील, म्हणजे सर्व स्पीकर चालवणाऱ्या यंत्रातील, नाइट मोड लावला, जो मोठे आणि लहान आवाज यांतील अंतर कमी करतो. स्फोटाच्या दृश्यांचा हादरा त्याला हवाच होता, म्हणून सोफ्याच्या चौकटीला बास शेकर, म्हणजे आवाजाऐवजी आसनच थरथरवणारे उपकरण, बसवला आणि सोफ्याच्या पायांखाली रबर दिले.

त्याच रात्री उशीपाशी ‘सी’ मापन ६२ वरून ५० पर्यंत उतरले. ४० हर्ट्झच्या शुद्ध स्वराचा माणसाला ऐकू येण्याचा उंबरठाच ५१ डेसिबलच्या आसपास असतो, आणि त्या पट्ट्यात थोडे डेसिबल कमी झाले तरी कानाला पडणारा फरक मोठा असतो. मास्तर पलंगावर आडवे होऊन बराच वेळ लक्ष देऊन ऐकत राहिले आणि वरचा चित्रपट खरोखर चालू आहे ना, याची त्यांनी फोनवरून खात्री करून घेतली.

रिसीव्हरचे ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे स्पीकरच्या पातळ्या आपोआप जुळवण्याची सोय, पुन्हा चालवले तर सबवूफरची पातळी परत वाढू शकते. म्हणून सर्व सेटिंग्ज कागदावर लिहून एक प्रत रिसीव्हरच्या मागे चिकटवली आणि दुसरी मास्तरांच्या संमतीने सोसायटीच्या तक्रारवहीत लावली.